अभिनय करायला लातूरहून मुंबईत: पहिल्या ऑडिशनपासून पैसे हातात पडेपर्यंत

आमच्या कॉलेजच्या नाट्यविभागातली मुलंमुली अधूनमधून मेसेज करतात. ताई, मुंबईला यायचंय, कुठं राहू, कुणाला भेटू, आधी कोर्स करू का, फोटोला किती पैसे लागतात, घरी काय सांगू. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदा सलग लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. गेल्या अडीच-तीन वर्षांत जे जसं घडलं तेच लिहिते आहे. मी काही नाव कमावलेलं नाही, पण सुरुवातीचा रस्ता चालून झाला आहे. त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, अशा बऱ्याच गोष्टी यात आहेत.

लातूरला बी.ए. करताना युवक महोत्सवातल्या एकांकिका आणि मग एका हौशी संस्थेकडून राज्य नाट्य स्पर्धा, एवढाच माझा अनुभव. पप्पा एसटीत वाहक. २०२१-२२ चा संप जवळजवळ सहा महिने चालला आणि त्या काळात घरात पगार येत नव्हता. त्यामुळे "मला अभिनय करायचाय" हे वाक्य घरी उच्चारणं सोपं नव्हतं. पप्पांनी ओरडाआरडा केला नाही. त्यांनी विचारलं, "किती दिस लागतेत त्याला? आन् तिथं आपलं कोण हाय?" दोन्हीची उत्तरं माझ्याकडे नव्हती. शेवटी दोन वर्षांची मुदत ठरली. शिकवण्या घेऊन साठवलेले तीस हजार आणि आईने बचत गटातून उचललेले तीस हजार, असे साठ हजार घेऊन मी फेब्रुवारी २०२३ मध्ये लातूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये बसले. गटाचा हप्ता मी दर महिन्याला पाठवायचा, हेही तेव्हाच ठरलं होतं.

कोर्सचा प्रश्न मलाही पडला होता, त्यामुळे आधी त्याबद्दल. मराठी मुलांसमोर साधारण हे रस्ते असतात: पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची कलिना संकुलातली अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग, पुण्यात एफटीआयआयचा, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचा, अभिनयाचा अभ्यासक्रम आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी). एफटीआयआयची फी लाखांत जाते, ते मी बाजूला ठेवलं. एनएसडीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो आणि तिथे विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते, म्हणून तिथे अर्ज केला. आधी प्राथमिक चाचणी होते, त्यातून निवड झाली तर दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा आणि मग अंतिम यादी. मी मुंबईत प्राथमिक चाचणी दिली. दोन उतारे सादर केले, एक ओवी म्हटली, वाचनाबद्दल प्रश्न झाले. कार्यशाळेसाठी नाव आलं नाही. का आलं नाही हे कळत नाही, तशी पद्धतच नाही. एक मात्र सांगते. अर्जासोबत नाटकांत काम केल्याचे पुरावे लागतात. प्रमाणपत्रं, जाहिरातीची पत्रकं, प्रयोगाचे फोटो, संस्थेचं पत्र. हे सगळं कॉलेजात असतानाच गोळा करून एका फाइलमध्ये ठेवा. नंतर हौशी संस्थेचे सचिव शोधत फिरायला वेळ नसतो आणि अर्जाची मुदत तेवढ्यात निघून जाते.

राहायची सोय दहिसर पूर्वेला झाली. वन बीएचकेमध्ये आम्ही चौघी, माझ्या वाट्याला भाडं साडेसहा हजार आणि डिपॉझिट वीस हजार. डब्याचे साडेतीन हजार. अंधेरी-वर्सोव्याला राहिलं की कामं मिळतात असं बरेच जण सांगतात, पण तिथलं भाडं मला झेपणारं नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये दहिसर ते अंधेरी पश्चिम मेट्रो पूर्ण सुरू झाली होती, त्यामुळे प्रश्नच मिटला. अंधेरी पश्चिमला उतरायचं, पुलावरून डी. एन. नगरला जायचं, तिथून एक स्टेशन वर्सोवा आणि पुढे शेअर रिक्षाने आराम नगर. बैठ्या बंगल्यांच्या या वस्तीत कास्टिंगवाल्यांची ऑफिसं एकमेकांना लागून आहेत. मराठी मालिकांची शूटिंग मात्र बहुतेक मीरा रोड, घोडबंदर, गोरेगावची चित्रनगरी आणि मढ या पट्ट्यात होतात. ते सगळं दहिसरहून जमतं. घर घेताना भाडेकराराची प्रत आणि पोलिसांकडची भाडेकरू नोंदणी आवर्जून करून घ्या. बँकेत पत्ता बदलायला मला तोच करार उपयोगी पडला.

पहिल्या महिन्यात फोटो. एका फोटोग्राफरने पोर्टफोलिओचे पंचवीस हजार सांगितले, तीन पोशाख, मेकअप, अल्बम. माझ्या खोलीतली मुलगी दोन वर्षांपासून ऑडिशन देत होती. ती म्हणाली, "अगं, अल्बम कुणी उघडून बघत नाही. सगळं मोबाइलवर जातं." मग आम्ही एका होतकरू मुलाकडून सकाळच्या उजेडात साध्या कुर्त्यात आणि साडीत फोटो काढून घेतले, तीन हजारांत. समोरून, डावीकडून, उजवीकडून, पूर्ण उंचीचा आणि एक हसरा. फोटोत चेहरा आपला स्वतःचा दिसला पाहिजे. फार गुळगुळीत केलेला फोटो पाठवला तर प्रत्यक्ष गेल्यावर समोरच्याचा चेहरा पडतो, हे मी दुसऱ्या मुलींच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे. फोटोंबरोबर एक इंट्रो व्हिडिओ लागतो: नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, येणाऱ्या भाषा, आधीची कामं, मग दोन्ही बाजूंनी चेहरा. तीस-चाळीस सेकंद पुरतात.

कामाच्या जाहिराती व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात. त्यांची भाषा ठरलेली असते. वय २२ ते २५, उंची अमुक, रंग गोरा, बांधा सडपातळ, सध्या दुसऱ्या मालिकेत दिसत नसावी, शूट मीरा रोड, पेमेंट ९० दिवसांनी. मी सावळी आहे. 'रंग गोरा' हे दोन शब्द रोज वाचायला लागल्यावर मनावर काय परिणाम होतो ते लिहिल्याशिवाय ही हकीकत पुरी होणार नाही. सुरुवातीला मी तसल्या भूमिकांना प्रोफाइलच पाठवत नव्हते. मग घरकाम करणारी, नर्स, कैदी, आंदोलनातली बाई एवढंच उरायचं. नायिकेची मैत्रीणसुद्धा गोरीच हवी असायची. हे चूक आहे असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. आपल्या गावात, बसमध्ये, शाळेत, दवाखान्यात ज्या रंगाच्या बाया दिसतात त्या पडद्यावर फक्त भांडी घासताना का दिसाव्यात? पुढे मी ठरवलं की वय आणि उंची जुळत असेल तर प्रोफाइल पाठवायचंच, रंगाचं काय ते त्यांनी ठरवावं. तसं पाठवल्यावर बोलावणी वाढली.

ऑडिशनची खोली बहुतेक सारखीच असते. पांढरी किंवा निळी भिंत, जमिनीवर चिकटपट्टीची खूण, एक दिवा, स्टँडवर कॅमेरा. बाहेर व्हरांड्यात पंधरा-वीस मुली हातात एकच कागद घेऊन ओठ हलवत बसलेल्या. नाव लिहायचं, नंबर येईपर्यंत थांबायचं. हे थांबणं दोन तासांचं असतं, कधी पाच तासांचं. पाण्याची बाटली, काहीतरी खायला, दुसरा एक कुर्ता आणि चार्जर सोबत ठेवावाच. जाहिरातींच्या ऑडिशनला एक गोष्ट मला नवीन होती. इंट्रो झाल्यावर म्हणतात, "हात दाखवा." मग दोन्ही हात चेहऱ्याजवळ धरून आधी तळवे आणि मग पाठीकडची बाजू दाखवायची. मेंदी, जखम, नखं, सगळं त्यात बघतात. कुणी आधी सांगितलेलं नसेल तर माणूस तिथे गोंधळतो आणि तो गोंधळ पुढच्या संवादात उतरतो.

संवाद पाठ करायला दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत मी आता पाठांतराच्या मागे लागत नाही. ही बाई कुणाशी बोलते आहे आणि तिला समोरच्याकडून काय हवं आहे, एवढं आधी ठरवते. शब्द इकडेतिकडे झाले तर चालतात, पण नजर कुठेच टेकली नाही तर चालत नाही. रंगमंचावरून आलेल्या माणसाचा आवाज आणि हात खूप मोठे असतात. मला पहिले काही महिने "थोडं कमी करा" एवढंच ऐकायला मिळायचं. कमी म्हणजे काय, हे मला घरी मोबाइलवर स्वतःला चित्रित करून बघितल्यावर कळलं. माझ्या भुवया प्रत्येक वाक्याला वर जात होत्या.

भाषेचा प्रश्न याहून अवघड होता. आमच्याकडे 'काय करलालीस', 'ते येतेत', 'पानी', 'कोन' असंच बोलतात. शहरी भूमिकेच्या ऑडिशनला माझा ण आणि न लगेच पकडला जायचा. ते मी मनावर घेतलं. रोज सकाळी अर्धा तास वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचायचा, रेकॉर्ड करायचा, ऐकायचा. 'कोणी पाणी आणून ठेवलं' असली वाक्यं सावकाश पन्नासदा म्हणायची. एका श्वासात किती ओव्या होतात ते पाहायचं. चार-पाच महिन्यांत फरक पडला. पण खरं दुःख पुढे होतं. एका गावाकडच्या मालिकेच्या ऑडिशनला मला वाटलं, आता आपल्या घरची भाषा बोलायची. बोलले. समोरचा सहायक म्हणाला, "हे कुठलं? आपल्याला गावाकडचं पाहिजे." त्यांना हवा होता कोल्हापूर-साताऱ्याकडचा ठसका, मालिकांमुळे सगळ्यांच्या कानात बसलेला. मराठवाड्याच्या मुलीने गावची बाई करायची तर दुसऱ्याच गावची भाषा शिकायची. मी तीही शिकले, कारण नटाला भाषा जितक्या येतील तितक्या चांगल्याच. पण लातूरची बोली मी पुसू दिली नाही. आईशी फोनवर अजून तशीच बोलते.

घरीच चित्रित करून पाठवायची ऑडिशन, म्हणजे सेल्फ टेस्ट, आता जवळजवळ प्रत्येक कामासाठी मागतात. मोबाइल आडवा, मागे साधी भिंत, उजेड समोरून, पंखा बंद. समोरचे संवाद वाचायला कुणीतरी हवं आणि त्या व्यक्तीने कॅमेऱ्याला अगदी लागून उभं राहावं, म्हणजे डोळे नीट दिसतात. आम्ही चौघी एकमेकींसाठी हे करायचो. फाइलला नाव, वय, उंची आणि भूमिका असं नाव द्या. शेकडो फाइलींच्या गर्दीत बिननावाची फाइल कोण उघडणार?

पैसे मागणाऱ्यांबद्दल थोडक्यात पण ठामपणे लिहिते. ऑडिशनची फी, नोंदणी फी, कलाकार संघटनेचं कार्ड काढून देण्याची फी, पोशाखाचं डिपॉझिट, 'भूमिका पक्की आहे, फक्त वर्कशॉपचे पंधरा हजार भरा', हे सगळे फोन मला आले आणि प्रत्येकाला मी नाही म्हटलं. खरं काम देणारा माणूस नटाकडून पैसे घेत नाही. काम लावून देणारे को-ऑर्डिनेटर कमिशन घेतात, पण ते मिळालेल्या मानधनातून. माझे वीस टक्के जायचे. मुलींसाठी आणखी एक: भेट दिवसा, ऑफिसमध्ये, पत्ता मैत्रिणीला कळवून. रात्री हॉटेलवर 'चर्चा' करायला बोलावणाऱ्याकडे भूमिका नसते. सेट हेही कामाचं ठिकाण आहे आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिथेही लागू आहे. निर्मिती संस्थेची तक्रार समिती कुठली, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यायला कचरू नका.

हे सगळं चालू असताना पोट कशावर भरायचं? मी सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्या धरल्या, संध्याकाळी पाच ते आठ, महिन्याला नऊ हजारांच्या आसपास. पालकांना आधीच सांगून ठेवलं होतं की कधी शूट आलं तर तो वर्ग रविवारी घेईन. उन्हाळ्यात बालनाट्य शिबिरं मिळाली, मधूनच एखादं डबिंग. महिनाअखेर भागत होतं, शिल्लक पडत नव्हती. दर महिन्याचा जमाखर्च मी वहीत लिहीत गेले.

पहिलं काम सप्टेंबर २०२३ मध्ये मिळालं, मालिकेत नर्सचं, एका दिवसाचं, मानधन दोन हजार. कॉल टाइम सकाळी सातचा. मेकअप रूममध्ये आम्ही सहा जणी. माझा शॉट दुपारी चारनंतर लागला. चार वाक्यं होती, आयत्या वेळी त्यातली दोन बदलली. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे पूर्ण प्रसंग दुरून घेतात तेव्हा, मी फाइल डाव्या हातात धरली होती आणि क्लोजच्या वेळी, म्हणजे चेहरा जवळून घेताना, ती आपोआप उजव्या हातात गेली. कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, बघणाऱ्या मुलीने हळूच येऊन माझा हात बदलला आणि कानात सांगितलं, "प्रत्येक शॉट संपला की स्वतःचा एक फोटो मनात काढून ठेवायचा." अभिनयाच्या कुठल्याही कार्यशाळेत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. पॅकअपला व्हाउचर भरायचं असतं. तारीख, शिफ्टची वेळ, रक्कम, सही. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तोच पुढे तुमचा पुरावा. कमिशन जाऊन सोळाशे रुपये जानेवारी २०२४ मध्ये खात्यात आले. त्यातले पाचशे बचत गटाच्या हप्त्यात घातले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मालिकेत शेजारच्या वहिनीचा ट्रॅक, म्हणजे कथेत काही काळ चालणारी भूमिका, मिळाला. दिवसाला साडेतीन हजार. रात्री दहा वाजता ई-मेलवर बारा पानांचा इंग्रजी करार आला आणि निरोप आला की उद्या सकाळी सेटवर सही करा. त्याच मालिकेत सासूचं काम करणाऱ्या ताई मेकअपला शेजारी बसल्या होत्या. माझी घालमेल त्यांना दिसली असावी. म्हणाल्या, "एक दिवस मागून घे. वाचून सही करणारीला कुणी काढून टाकत नाही. आणि पैशाचं विचारायला लाजू नकोस गं, आपण काम करतोय." मी एक दिवस मागितला, तो मिळाला. वकिली करणाऱ्या चुलतभावाला रात्री फोनवर एकेक कलम वाचून दाखवलं. काम कधीही थांबवता येईल, तेही पूर्वसूचनेशिवाय. महिन्याला किती दिवस काम, याचा उल्लेखच नाही. दुसरीकडे कुठेही काम करायचं नाही, यात नाटकही आलं. केस कापायचे तर परवानगी. प्रवासखर्च नाही.

सकाळी मी तीन गोष्टी विचारल्या: महिन्याचे किमान दिवस, नाटकाला परवानगी आणि पैशांची नक्की तारीख. विचारताना घसा कोरडा पडला होता. निर्मिती व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतलं. किमान आठ दिवस लिहून मिळाले, आधी कळवून रविवारी प्रयोग करायला परवानगी मिळाली, तारखेचं मात्र 'नव्वद दिवस' तेवढंच राहिलं. आम्हा छोट्या गावातल्या मुलांना शिकवलेलं असतं की मोठ्यांपुढे पैशाचं बोलू नये, कलेचा अपमान होतो. मला तसं वाटत नाही. ज्या दिवशी मी स्पष्ट विचारलं त्या दिवशी सेटवर माझी किंमत कमी झाली नाही. उलट मी काम मोकळ्या मनाने केलं.

मे महिन्यात वहिनीचा ट्रॅक संपला. तसं मला कुणी सांगितलं नाही. फोन यायचे बंद झाले. आठवडाभराने कपडेपट सांभाळणाऱ्या दादांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "बाळा, तुझ्या साड्या परत गेल्या." त्या दिवशी खूप रडले. आपलं काम वाईट झालं का, टीआरपीचं काही होतं का, कथा वळली का, काहीच कळायला मार्ग नव्हता. आता समजतं की बहुतेक वेळा कथा वळलेली असते. पण तेव्हा ते समजून घ्यायला आतून काहीतरी भक्कम लागतं आणि माझ्याजवळ ते नव्हतं.

वर पैशांची रखडपट्टी. फेब्रुवारी-मार्चचे पैसे वेळेत आले, एप्रिल-मेचे अडकले. आधी फोन केले. 'पुढच्या आठवड्यात' हे उत्तर ऐकून ऐकून कंटाळल्यावर त्याच ताईंचा सल्ला घेतला. त्यांच्या सांगण्यावरून सगळं लेखी केलं: बिलांचे क्रमांक, कामाच्या तारखा, व्हाउचरचे फोटो, कराराचं कलम, सगळं एकाच ई-मेलमध्ये आणि दर पंधरा दिवसांनी त्याच ई-मेलखाली आठवण. सिंटा ही कलाकारांची संघटना १९५८ पासून आहे आणि सभासदांच्या थकबाकीच्या तक्रारी ती हाताळते. सभासद होण्यासाठी कामाचे पुरावे लागतात, त्यामुळे तेही जपून ठेवा. माझे पैसे नोव्हेंबरमध्ये आले. संघटनेपर्यंत जायची वेळ आली नाही, लेखी पाठपुराव्यावरच काम झालं.

त्याच मे-जूनमध्ये मी एका प्रायोगिक गटाच्या तालमीला जायला लागले. मानधन नाही, वडापाव आणि चहा. दादरजवळच्या एका शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून रात्री आठ ते अकरा. पहिल्या आठवड्यात दिग्दर्शक दादांनी माझं वाचन थांबवलं आणि विचारलं, "तू घरी अशीच बोलतेस?" मी नाही म्हटलं. "मग घरच्यासारखं वाच." मी लातूरच्या बोलीत वाचलं. त्यांनी माझ्या भूमिकेतल्या बाईचे सगळे संवाद मला तशाच बोलीत बसवायला सांगितले. रोज एकच प्रवेश, रोज वेगळी चूक, रोज कुणीतरी नीट बघून सांगतंय की कुठे खोटं वाटलं. ऑडिशनला वर्षभर जाऊन जे कळलं नव्हतं ते त्या वर्गात एका पावसाळ्यात कळलं. म्हणून जे विचारतात 'काम नसताना काय करायचं', त्यांना मी पहिलं हेच सांगते की तालीम शोधा. शहरात चार माणसं कुठेतरी नाटक बसवत असतातच. आणि नाटकं बघा. शिवाजी मंदिर, यशवंत नाट्य मंदिर, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह. बाल्कनीचं तिकीट काढून मी एकेक प्रयोग दोनदा पाहिला आहे, दुसऱ्या वेळी फक्त संवाद नसलेल्या नटांकडे बघत.

त्या प्रायोगिक नाटकाचा प्रयोग पाहून जानेवारी २०२५ मध्ये एका व्यावसायिक नाटकात बदली कलाकार म्हणून विचारणा झाली. आधीच्या मुलीला दुसरं काम लागलं होतं, हातात आठ दिवस होते. प्रयोगाचं चित्रीकरण आणि संहिता दिली. हालचाली आधीच ठरलेल्या, कारण बाकीच्यांची सवय मोडायची नाही. मी एका वहीत एंट्री, एक्झिट, कुठल्या वाक्यावर कुठल्या खुर्चीजवळ, विंगेत कुणाच्या हातून ट्रे घ्यायचा, सगळं चित्र काढून लिहिलं. 'नाइट किती?', म्हणजे एका प्रयोगाचे पैसे किती, हे मी पहिल्याच फोनवर विचारलं. बाराशे. दौऱ्याला राहणं-जेवण संस्थेकडून. पहिला प्रयोग संपला, मेकअप उतरवत होते, तेव्हा व्यवस्थापक आले आणि पांढरं पाकीट हातात दिलं. त्यावर पेनाने माझं नाव, तारीख आणि नाट्यगृहाचं नाव लिहिलेलं होतं, आत बाराशे रुपये. मालिकेत दिवसाला त्याच्या जवळजवळ तिप्पट मिळत होते, पण काम केलं त्याच रात्री पैसे हातात पडण्याचा आनंद मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला. नाटकाच्या धंद्यातली ही जुनी रीत फार चांगली आहे.

आता कराचं. मानधन ठरावीक रकमेच्या वर गेलं की त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, जातो. ते पैसे बुडाले असं समजू नका. आयकर खात्याच्या वार्षिक कर विवरणात (माझ्या वेळी फॉर्म २६एएस) तुमच्या पॅनवर ते जमा दिसतात. दिसत नसतील तर निर्मिती संस्थेच्या हिशेबनीसाला लगेच ई-मेल करा आणि कर कापल्याचं प्रमाणपत्र (माझ्या वेळी फॉर्म १६ए) मागा. माझं मालिकेतलं मानधन सव्वा लाखाच्या आसपास झालं आणि साडेबारा हजार कापले गेले होते. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखालीच होतं. बोरिवलीच्या एका सीएने हजार रुपयांत रिटर्न भरून दिलं. २०२५ मध्ये मुदत सप्टेंबरपर्यंत वाढवली होती, पण मी ऑगस्टमध्येच भरलं आणि दिवाळीआधी परतावा आला. त्यातून बचत गटाचं उरलेलं कर्ज फिटलं.

दोन वर्षांची मुदत फेब्रुवारी २०२५ मध्येच संपली होती. त्या वेळी मी लातूरला गेले. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे येणंजाणं आता परवडतं. पप्पांपुढे जमाखर्चाची वही ठेवली. त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली, तिकिटाचा हिशेब तपासतात तशी. किती कामं झाली हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं, "ह्या शिकवण्या चालू ठेवशील का?" मी हो म्हटलं. "मग बघ अजून दोन वर्षं." आई मधेच म्हणाली, "टीव्हीत दिसलीस ते शेजारच्या काकूनं बघितलं, मला ते साडीचं निळं बरं दिसलं."

सध्या नाटकाचे महिन्याला सहा-सात प्रयोग असतात, शिकवण्या चालू आहेत, आणि ऑडिशनही. पुढच्या आठवड्यात एक आहे, जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेची भूमिका. वय, उंची, अनुभव, पेमेंट ९० दिवस, सगळं नेहमीसारखंच लिहिलं आहे. रंगाची ओळ त्यात नाही. मी प्रोफाइल पाठवलं, त्यांचं बोलावणं आलं, आणि किमान दिवस किती हे मी फोनवरच विचारून घेतलं आहे.